पेटीतला स्टोव्ह

सरजाबाईच्या घरी आलेलं भांडं कधी रिकामं परत गेल्याचं टाकळवाडीत कुणाला आठवत नाही. शेजारच्या कोंडाबाईनं वाटीभर कालवण दिलं की वाटी परत जाताना तिच्यात चार चिंचा असायच्या, नाहीतर मूठभर जवस. अगदीच काही नसलं तर मिठाचा खडा. गावातल्या सगळ्याच बायका ही रीत पाळत, पण सरजाबाई ती जरा जास्त मनावर घेई. भांडं रिकामं गेलं की त्याच्या मागोमाग घरातली बरकत जाते, असं सासूनं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. सासू गेली, नवरा ग्यानोबा गेला, तरी तिनं ती गोष्ट सोडली नाही. तिची मुलगी सिंधु मुदखेडला दिली होती. तिचा एक पितळी डबा मायलेकींमध्ये वर्षानुवर्षं फिरत असे. कोंडाबाईचा भाऊ मुदखेडला रेल्वेत खलाशी होता, त्यामुळे डब्याची ने-आण तीच करायची. मुदखेडहून येताना डब्यात लाडू, इकडून जाताना काळा मसाला.

टाकळवाडी अहमदपूर तालुक्यात, पण कंधारच्या शिवेला इतकी लागून की गावातल्या कोंबड्या सकाळी दाणे टिपायला दुसऱ्या जिल्ह्यात जात. बाजार लोह्याचा, दवाखाना नांदेडचा, आणि सरकारी काम मात्र उस्मानाबादला, दिवसभराच्या वाटेवर. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा, आणि त्यात कडेचं घर सरजाबाईचं. मुलगा व्यंकटी छप्पन्न सालच्या आधी दोन वर्षं जन्मला, म्हणून त्याचं नाव तसंच राहिलं. धर्म बदलला तेव्हा ग्यानोबानं घरातले टाक नदीत सोडले. "पोराचं नाव आता कुठं सोडू?" असं तो हसून म्हणाला होता.

बहात्तरच्या दुष्काळात मायलेक पाझर तलावाच्या कामावर होते. तिथं पाण्याच्या टँकरची टाकी गळायला लागली आणि ती सांधायला नांदेडहून एक वेल्डर आला. सगळे मजूर गळणाऱ्या पाण्याखाली हंडे लावायला धावले. व्यंकटी एकटाच वेल्डरजवळ उभा राहिला आणि डोळे दिपेपर्यंत ती निळी ठिणगी बघत बसला. आठ दिवसांनी तो त्या माणसाच्या मागोमाग नांदेडला गेला.

त्या हिवाळ्यात घरात चूल पेटवायला काही उरलं नव्हतं. पीकच नव्हतं, तर पऱ्हाट्या तुराट्या कुठून येणार? जनावरं बाजाराला लागली होती, म्हणून शेणही नव्हतं. सरजाबाई कामावर मिळणारी सुकडी पाण्यात कालवून खायची. अशात व्यंकटी एक दिवस एसटीतून उतरला तो काखेत पोत्यात गुंडाळलेला पितळी पंपाचा स्टोव्ह घेऊन. कुणीतरी मोडीत काढलेला, त्यानं स्वतः झाळून नीट केलेला. त्यानं पंप मारला, पिन केली, आणि निळ्या जाळावर तवा ठेवला. त्या दिवशी सरजाबाईनं तीन महिन्यांनी गरम भाकरी खाल्ली. पुढं कितीतरी दिवस ती तो स्टोव्ह चिंच लावून घासायची आणि लोक आले की पाट सरकवल्यासारखा पुढं सरकवायची.

पाच वर्षांनी व्यंकटीला दुबईचं काम लागलं. मुंबईच्या एजंटाचं पत्र रेशन दुकानाच्या महादेवप्पांनी वाचून दाखवलं. गावात वर्तमानपत्र त्यांच्याच दुकानात यायचं, आणि रेडिओही तिथंच. एक तारखेच्या रात्रीचं विमान. अठ्ठ्याहत्तर साल लागायला थोडेच दिवस होते.

"तिथं सरपण मिळतं का रे?" सरजाबाईनं विचारलं.

"माय, तिथं नुसती वाळू हाय. लाकूड कुठलं?"

"मग स्टोव्ह घिऊन जा."

"तुला?"

"मला आता पऱ्हाट्या हायत. दुष्काळ सरला."

त्यानं बरेच आढेवेढे घेतले आणि मग मानलं. "बरं, रिकामा करून दे. धुऊन, पुसून. इमानात वास आला तर ते लोक उतरवतील मला," असं तो म्हणाला आणि हसला. सरजाबाई पण हसली.

निघायच्या सकाळी तो अंगणात आरसा टेकवून दाढी करत होता. सरजाबाईनं स्टोव्ह धुतला, पुसला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायला उचलला. तो हातात हलका लागला. पोराला परमुलखात धाडायचं आणि सोबत रिकामं भांडं द्यायचं, हे काही तिच्या हाताला जमेना. तिथं गेल्या गेल्या भूक लागेल, घासलेट कुठं मिळतं हे त्याला कुणाला विचारावं लागेल. निदान पहिल्या दिवशीचा भात तरी घरच्या घासलेटवर शिजू दे. तिनं कोपऱ्यातला डबा घेतला आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. झाकण घट्ट आवळलं, झिरपू नये म्हणून भोवती ओला साबण चोळून बसवला. वर चिंधी बांधली, तिच्यावर जुनी वाकळ गुंडाळली. वाकळेला हिंगाचा वास होता. घासलेटचा वास त्यात दबला.

"माय, पेटी लई जड झाली," व्यंकटीनं उचलताना म्हटलं.

"मसाला हाय. वाकळ हाय. माझा जीव हाय त्यात, जड न्हाई होणार?"

पुढं सरजाबाईला त्या दिवसातलं दुसरं फारसं काही आठवत नसे. नांदेडच्या स्टेशनावर मुदखेडहून आलेली सिंधु रडली, जावई पेटी धरून डब्यात चढला, व्यंकटीनं खिडकीतून हात काढला, एवढंच. पण जड पेटीवर हसून दिलेलं स्वतःचं उत्तर मात्र तिला शब्दान् शब्द आठवायचं.

दोन जानेवारीला ती साखर आणायला गेली तेव्हा महादेवप्पा रेडिओजवळ वाकून बसले होते. तिला बघताच त्यांनी रेडिओ बंद केला. मग गिऱ्हाईक उभं असताना दुकानाची फळी लावली. चाळीस वर्षांच्या दुकानदारीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"आप्पा, काय झालं?"

"बसा सरजाबाई," ते म्हणाले. "आधी बसा."

विमान उडालं आणि दोन मिनिटांच्या आत समुद्रात पडलं. दोनशेवर माणसं होती. एकही वाचलं नव्हतं. बातमी कळताच जावई मुंबईला गेला आणि आठ दिवस राहून आला. यादीत नाव होतं, शरीर मिळालं नाही. "एक बूट वळखायला लावला त्येंनी. आपला नव्हता," एवढंच तो सांगू शकला. पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोंपैकी एक घरी उरला होता. सिंधुनं तो मोठा करून आणला. अहमदपूरहून उपासक आले, त्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं, फोटोपुढं मेणबत्ती लावली. मातीत ठेवायला काही नव्हतं. लोक जेवून गेले.

जावई मुंबईला होता त्या आठवड्यात सरजाबाई रोज महादेवप्पांच्या दुकानात जाऊन बसे आणि पेपरात काय आलं ते ऐके. चौथ्या की पाचव्या दिवशी महादेवप्पांनी वाचलं, "सामानात स्फोटक वस्तू असावी असा संशय व्यक्त होत आहे."

"मंजे काय, आप्पा?"

"मंजे कुणाच्या तरी पेटीत काहीतरी भडकणारं हुतं. त्यानं इमान फुटलं."

सरजाबाई उठली. चप्पल दुकानापुढंच राहिली, ती अनवाणी घरी आली. स्टोव्हचा भडका काय असतो ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या मावसबहिणीची सून नांदेडच्या दवाखान्यात तीन दिवस तशी पडून होती. पंपाचा स्टोव्ह, गळ्यापर्यंत घासलेट, साबणानं बुजवलेलं झाकण. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग कोपऱ्यातला घासलेटचा डबा उचलून मागच्या नालीत ओतला.

तेव्हापासून तिच्या घरात घासलेट आलं नाही. ती करडईच्या तेलाची पणती लावायची, तीही लवकर विझवायची. कोंडाबाई म्हणायची, "अंधारात काय बसतीस घुबडावानी?" ती म्हणायची, "मला दिसतंय." सिंधु डबा पाठवत राहिली, सरजाबाई तो भरून परत पाठवत राहिली. पण झाकण लावून ती ते दोनदा उघडून बघायची.

वर्ष सरता सरता चौकशीचा निकाल पेपरात आला. महादेवप्पांनी तिला मुद्दाम बोलावणं धाडलं. स्फोट झाला नव्हता, असं न्यायाधीशांनी म्हटलं होतं. विमान चालवणाऱ्यापुढं एक घड्याळ असतं, विमान सरळ आहे की कललंय ते दाखवणारं. ते अडकलं. महादेवप्पांनी समजावून सांगायला खोबरेल तेलाची अर्धी बाटली आडवी धरली.

"गवंड्याचं पाणसळ बघितलंय ना? तसं. हे अडकलं, आन् बाहेर समुद्रावर खाली काळं, वर काळं. त्याला वाटलं आपण उजवीकडं कललो, म्हणून त्यानं डावीकडं वळवलं. मुळात ते सरळच हुतं. गेलं खाली."

"पेटीचं काय लिव्हलंय?"

"कुणाच्या पेटीचं?"

सरजाबाई उठायला लागली. महादेवप्पांनी रेशनची वही उघडली. "बाई," ते हळूच म्हणाले, "वर्ष झालं, तुमच्या कार्डावरचं घासलेट पडून हाय. मी कुणाला दिलं न्हाई. कामून नेत न्हाई तुमी?"

मग तिनं सांगितलं. एका दमात, खाली बघून, साबणासकट सगळं. महादेवप्पांनी बाटली सरळ करून फळीवर ठेवली.

"अहो, पण स्फोट झालाच न्हाई असं लिव्हलंय हितं. तुमचा काही संबंध न्हाई."

"त्येंनी पेटी उघडून बघितली का?"

"ती कुठून सापडणार? समुद्रात गेली."

"मग त्येंला ठावंच न्हाई की तिच्यात घासलेट हुतं. ठाव न्हाई ते लिव्हतील कसं?"

महादेवप्पांनी पेपर पुन्हा उघडला, पुन्हा त्याची घडी घातली. सरजाबाईला एकच गोष्ट कळत होती. ज्यांनी निकाल दिला त्यांना सगळं सांगितलंच गेलं नव्हतं. ते सांगणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते टाकळवाडीत बसलं होतं. तिनं सांगितलं पाहिजे. मग ते तपासून म्हणतील, हाव बाई, तुझ्या स्टोव्हनंच पडलं, नाहीतर म्हणतील, न्हाई. दोन्हीपैकी काहीही तिला चालणार होतं. मधे लटकणं चालत नव्हतं.

महादेवप्पांनी अर्ज लिहायला साफ नकार दिला. "जेलात जायचंय का या वयात?" ते म्हणाले. म्हणून ती मुदखेडला गेली. सिंधु सातवीपर्यंत शिकली होती, अक्षर चांगलं होतं. सरजाबाईनं सांगितलं, सिंधु ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं दाराची कडी लावली. जावई कामावर होता, पोरं शाळेत. मग सिंधु उठली, कागद आणला, आणि रेघ मारून लिहायला बसली.

"लिव्ह, माझ्या मुलाच्या पेटीत घासलेट भरलेला स्टोव्ह हुता. त्याला ठाव नव्हतं. मी भरलं."

सिंधु लिहीत राहिली.

"लिव्ह, त्यानं इमान पडलं का ते तपासून मला कळवा."

सिंधुनं लिहिलं. सरजाबाईनं शाईत बुडवून अंगठा उठवला. सिंधुनं पाकीट बंद केलं आणि उस्मानाबादच्या कचेरीचा पत्ता घातला. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी सरजाबाई लेकीच्या घरी पोटभर जेवली.

उत्तर आलं नाही. पहिलं वर्ष ती पोस्टमनची वाट रोज बघायची, दुसऱ्या वर्षी बाजाराच्या दिवशी. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टच्या सुमाराला महादेवप्पांनी सांगितलं की लातूर आता वेगळा जिल्हा झाला, अहमदपूर त्यात गेलं. तुमचे कागद उस्मानाबादहून लातूरला येतील. सरजाबाईला वाटलं, कागद वाटेत असतील, म्हणून उत्तर नसेल. तिनं आणखी एक हिवाळा जाऊ दिला आणि मग ती स्वतः लातूरला गेली.

नव्या कचेरीला रंगाचा वास येत होता. ओट्यावर कागदांची पोती एकावर एक रचून ठेवलेली. चार ठिकाणी विचारत ती भीमाशंकर नावाच्या कारकुनापुढं पोचली. तरुण, उदगीरकडचा, बोलण्यात कानडी हेल. त्यानं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि दोन तास पोती उपसून अर्ज खरंच शोधून काढला. काढल्यावर त्याला स्वतःलाच आनंद झाला.

"सापडला बघा, आज्जी. तुमचाच अंगठा. दाखल्याचा हाय."

"कशाचा?"

"मृत्यूच्या दाखल्याचा. तुमी मागितलाय. मंजूरपण झालाय की, नुसतं न्यायला कुणी आलं न्हाई."

"घासलेटाचं वाचा."

"कुठलं घासलेट?"

"त्याच्यात लिव्हलंय. स्टोव्हचं."

भीमाशंकरनं अर्ज पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं. विनंती अर्ज. माझा मुलगा विमान अपघातात मयत झाला असून मला त्याच्या मृत्यूचा दाखला मिळावा. बस, तेवढंच. पाच ओळी, सिंधुच्या सुरेख अक्षरात. खाली सरजाबाईचा अंगठा.

तिनं तेव्हा तोंडी सगळं सांगितलं. भीमाशंकर ऐकून अवघडला. आजूबाजूला बघून त्यानं आवाज खाली आणला. "आज्जी, हे मी कुठं लिहून घेऊ? हितं तसा रकानाच न्हाई. मृत्यूचं कारण, अपघात. एवढंच असतं. तुमी कुणाला बोलू नका हे." आणि त्यानं दाखला घडी घालून तिच्या हातात दिला.

लातूरहून ती घरी गेलीच नाही. नांदेडची एसटी धरली आणि तिथून मुदखेड. सिंधु विहिरीवरून आली तेव्हा माय ओट्यावर बसली होती, हातात दाखला.

सिंधुनं तो बघितला आणि घागर खाली ठेवली.

"तू काय लिव्हलं हुतंस?"

"माय, आत चल."

"काय लिव्हलं हुतंस, सिंधे?"

"दाखला मागितला," सिंधु म्हणाली. "दुसरं काय लिव्हू? माझ्या भावाच्या पेटीनं दोनशे माणसं मारली, हे माझ्या हातानं लिव्हू? उद्या पेपरात नाव येईल त्याचं. माझ्या पोरांच्या मामाचं. लोक थुंकतील. तू अंगठा देऊन मोकळी झालीस."

"मंजे तुलाबी तसंच वाटतं."

सिंधु घागर पुन्हा उचलायला वाकली.

"तुला वाटलं नसतं तर तू लिव्हलं असतंस," सरजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पेरलेल्या वावरात उगवण किती हे बघावं तशी ती लेकीच्या चेहऱ्याकडं बघत होती. "खरं सांग."

सिंधुनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. सरजाबाई बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं की आपल्याला जे वाटतं ते चूक असेल, आपण अडाणी, आपल्याला विमानातलं काय कळतं. सिंधु सातवी शिकली होती. तिलाही तसंच वाटलं होतं.

त्या रात्री ती तिथं जेवली नाही. सकाळच्या गाडीनं गावी आली. सिंधुनं जाताना पिशवीत डबा ठेवलेला तिला घरी आल्यावर दिसला. लाडू होते. तिनं ते कोंडाबाईच्या नातवंडांना दिले आणि डबा धुऊन फडताळात ठेवला. मुदखेडहून दोनदा निरोप आला. तिनं डबा पाठवला नाही.

दोन वर्षांनी महादेवप्पा स्वतः तिच्या घरी आले. थकले होते, काठी लागत होती. बौद्धवाड्यात ते याआधी कधी आले नव्हते. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, आणि मग खिशातून पेपरची घडी काढली. बाहेरच्या देशात एक खटला चालला होता, मेलेल्यांच्या घरच्यांनी लावलेला. तिथल्या न्यायाधीशानं सांगितलं होतं की घड्याळ बिघडलं होतं असं काही ठरत नाही. घड्याळ बनवणाऱ्यांचा दोष नाही. चालवणाऱ्याचीच चूक.

"मंजे पयला निकाल खोटा?"

"खोटा असं न्हाई. हे असं म्हणतात, ते तसं म्हणतात. पण घासलेटाचं दोघांनीबी काही म्हटलेलं न्हाई, सरजाबाई. म्हणून आलो सांगायला. चालवणाऱ्याची चूक, असं साफ लिव्हलंय."

"चालवणाऱ्याची माय असंल कुठंतरी," सरजाबाई म्हणाली.

महादेवप्पांनी पेपरची घडी पुन्हा खिशात घातली.

"तिला असंच वाचून दावलं असंल कुणीतरी. पयलं घड्याळाचं, आन् मग हे." तिनं रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. "तिच्या लेकाचा काही दोष न्हाई, आप्पा. ते तिला कुणी सांगावं? मी सांगितलं असतं. पर मला कुठं इचारलं कुणी?"

महादेवप्पा काठी टेकत उठले. "या महिन्याचं घासलेट ठेवलंय," ते म्हणाले. दर महिन्याला ते हेच म्हणत.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई भावाच्या नातीच्या बारशाला मुदखेडला निघाली होती. सरजाबाईनं फडताळातून पितळी डबा काढला, पुन्हा घासला, उन्हात वाळवला. उतरंडीत यंदा जोंधळे होते. नवा काळा मसालाही कुटून ठेवलेला होता. तिनं मसाल्याच्या बरणीवर हात ठेवला, "रिकामा करून दे," हे व्यंकटीचं बोलणं तिला आठवलं, आणि तिनं हात तसाच काढून घेतला. मग डब्याचं झाकण लावलं आणि तो कोंडाबाईच्या हातात दिला.

कोंडाबाईनं डबा सवयीनं हलवून बघितला. मग पुन्हा हलवला.

"अगं, रिकामा हाय हा."

"हाव."

"लेकीला रिकामा डबा पाठवायलीस? वाटंत घालू का काही? चार शेंगा तरी."

"नगो," सरजाबाई म्हणाली. "तसाच जाऊ दे." आणि एसटी येईपर्यंत ती कोंडाबाईच्या शेजारी उभी राहिली. तिचं सगळं लक्ष त्या डब्याकडं होतं, वाटेत कुणी त्यात काही घालू नये म्हणून.